पैसे भरूनही चोरी? सासऱ्यांची अमेरिकन छत्री आणि कॅनडाचं सुप्रीम कोर्ट

मिसिसागाचा_जावई

मंडळी, प्रश्न कायद्याचा आहे, पण झोप माझ्या सासऱ्यांची उडाली आहे.

गेल्या शनिवारी त्यांचं बेसमेंट आवरायला घेतलं. कॅनडात येऊन पन्नास वर्षं होत आली, आणि माणूस काहीही न टाकणारा. बुटांच्या एका खोक्यात जुन्या सॅटेलाइट टीव्हीचं स्मार्ट कार्ड निघालं आणि रबर लावलेला पावत्यांचा गठ्ठा. प्रत्येक पावतीवर सासऱ्यांच्या अक्षरात तारीख आणि 'पोचले' असा शेरा. भानगड अशी, की २००० ते २००५ च्या सुमारास त्यांनी गॅरेजवर अमेरिकन कंपनीची छत्री लावली होती. हिंदी वाहिन्या आणि क्रिकेट, एवढ्यासाठीच. ती कंपनी कॅनडात कनेक्शन द्यायची नाही, म्हणून सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोच्या मावसभावाचा पत्ता दिला होता. मावसभाऊ दरमहा बिल भरायचा आणि सासरे त्याला न चुकता मनीऑर्डर करायचे.

मेव्हण्याची मुलगी कायदा शिकते. ती पावत्या बघून म्हणाली, "आजोबा, हे सगळं बेकायदा होतं. सुप्रीम कोर्टाचा २००२ चा निकालच आहे."

हे गृहस्थ एक थांबा जायचं असलं तरी तिकीट काढून बसतात. "मी चोरी केली?" हे त्यांनी मला आत्तापर्यंत सहा वेळा विचारलंय. माझं मत विचाराल तर ज्याने दर महिन्याला पैसे मोजले तो चोर कसा? कुणाला या प्रकरणाची नीट माहिती असेल तर सांगा. थट्टा केली तरी चालेल, पण उत्तरही द्या.

बटाटा_भजी

खुर्ची टाकून बसलो आहे. शंभर प्रतिसाद नक्की.

रोखठोक_राजाभाऊ

जावईबापू, प्रश्नातच उत्तर आहे. पत्ता खोटा दिला ना? मग संपलं. पैसे भरले म्हणून खोटेपणा खरा होत नाही. पुण्यात परगावच्या माणसाने भाच्याच्या पत्त्यावर रेशन कार्ड काढलं आणि धान्याचे पैसे रोख मोजले, तरी ते गैरच.

मिसिसागाचा_जावई

@राजाभाऊ, रेशनमध्ये दुसऱ्याच्या वाट्याचं धान्य जातं. इथे सासऱ्यांनी बघितल्यामुळे कुणाचा टीव्ही बंद पडला? सिग्नल तर त्यांच्या गॅरेजवर असाही पडतच होता. पागोळीचं पाणी कुणी बादलीत धरलं म्हणून ढगाचा मालक येतो का?

पुढची_तारीख

मी ब्रिटिश कोलंबियात एका वकिली कार्यालयात काम करते (वकील नाही, कागदपत्रं बघते). हा निकाल आमच्याच प्रांतातून वर गेलेला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

बेल एक्स्प्रेसव्ह्यू विरुद्ध रेक्स, निकाल २६ एप्रिल २००२. तेव्हा कॅनडात सॅटेलाइटवरून थेट घरी टीव्ही देण्याचा परवाना दोनच कंपन्यांकडे होता, बेल एक्स्प्रेसव्ह्यू आणि स्टार चॉइस. त्यांच्या नाकासमोर दुकानदार अमेरिकन डीकोडर विकत होते. ज्या गिऱ्हाइकाला अमेरिकेत मावसभाऊ नसेल त्याला दुकानदारच तिकडचा टपालाचा पत्ता मिळवून द्यायचा. बेलने रेक्स नावाच्या अशाच एका दुकानदाराविरुद्ध मनाई हुकूम मागितला. म्हणजे मूळ दावा विक्रेत्यावर होता. घरोघरी जाऊन आजोबांना पकडा, असं त्यात काही नव्हतं. हे सासऱ्यांना आधी सांगा.

कायदा रेडिओकम्युनिकेशन अ‍ॅक्ट, कलम ९(१)(सी). त्याचा आशय असा: सांकेतिक केलेला, वर्गणीचा सिग्नल कुणीही उलगडू नये, अपवाद एकच, त्या सिग्नलच्या कायदेशीर वितरकाने परवानगी दिली असेल तर. आणि 'कायदेशीर वितरक' म्हणजे कॅनडात तो सिग्नल देण्याचा आणि उलगडू देण्याचा ज्याला हक्क आहे तो.

खालच्या दोन्ही कोर्टांत दुकानदार जिंकला होता. तिथे अर्थ असा लावला गेला, की ज्या सिग्नलला कॅनडात कायदेशीर वितरक आहे तोच चोरून बघायला बंदी; अमेरिकन सिग्नलला इथे वितरकच नाही, मग बंदी कसली? अगदी जावयांचा युक्तिवाद. सुप्रीम कोर्टाने तो उलटा केला. एकमताचा निकाल, लिहिला न्यायमूर्ती आयाकोबुची यांनी. त्यांचं म्हणणं, वाक्य 'कुणीही उलगडू नये' असं सुरू होतं. म्हणजे बंदी सगळ्यांवर, सगळ्या सांकेतिक सिग्नलवर. परवानगी देणारा कॅनडात कुणी नसेल तर बंदी उठत नाही. परवानगीची वाट बंद होते, इतकंच.

म्हणजे भाचीचं बरोबर आहे. मात्र 'चोरी' हा शब्द तिचा, त्या कलमात तो नाही.

बटाटा_भजी

थोडक्यात: कुलूप आहे, किल्ली देणारा माणूस देशात नाही, आणि दार उघडलं तर गुन्हा. वा!

पुढची_तारीख

@बटाटा_भजी, हो, एका ओळीत तेच. माझे पाच परिच्छेद वाया गेले.

मिसिसागाचा_जावई

ताई, आभार. म्हणजे २००२ च्या आधीच्या पावत्या चालतील का? निकाल तर नंतर आला.

पुढची_तारीख

नाही हो. हे कलम १९९१ पासून कायद्यात आहे. कोर्टाने नवा नियम केला नाही, असलेल्या वाक्याचा अर्थ सांगितला. अर्थ पहिल्या दिवसापासूनच तो होता असं धरतात. पण घाबरू नका. ज्याने कमाईसाठी काही केलं नाही अशा माणसाकडून दिवाणी दाव्यात जास्तीत जास्त १,००० डॉलर मागता येतात, हे त्याच कायद्यात लिहिलंय. फौजदारी शिक्षा तेव्हा व्यक्तीला १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिने कैद अशी होती, पण पोलिसांचा रोख कायम विक्रेत्यांवर राहिला. वीस वर्षांनी मिसिसागातल्या बेसमेंटमध्ये कुणी शिरणार नाही.

छत्रीवाला_सॅनहोजे

जावईबापू, पागोळीच्या पाण्याबद्दल. मी या धंद्याच्या तांत्रिक बाजूला बरीच वर्षं काढली आहेत (कंपनीचं नाव विचारू नका). पाणी तुमच्या अंगणात पडतं हे खरं, पण ते गोठवून, कुलूपबंद पेटीत घालून पडतं. चित्र ज्या किल्लीने उलगडायचं ती किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. ती सिग्नलमधूनच येते, पण तीही सांकेतिक. तिला उघडतं ते तुमच्या पेटीतलं स्मार्ट कार्ड. आणि या कार्डाने उघडावं की नाही, हा हुकूम पुन्हा उपग्रहावरूनच येतो. बिल थकलं की कार्डाला 'नको' असा निरोप जातो. बफेलोच्या मावसभावाच्या नावावर जे कार्ड होतं त्याला कंपनी 'हो' म्हणत होती. तंत्राच्या हिशेबाने सासरे शंभर टक्के सज्जन. ग्रे मार्केट म्हणतात ते हेच.

खरे उद्योग ब्लॅक मार्केटमध्ये चालायचे. कार्डाच्या आतली माहिती बदलून सगळ्या वाहिन्या फुकट, एक पैसाही न भरता. अमेरिकेतल्या डायरेक्ट टीव्ही कंपनीची 'एच' कार्डं तर इतकी फोडली गेली होती, की फोडायची यंत्रं राजरोस टपालाने यायची. कंपनी उपग्रहावरून एक मारा करायची, फोडणारे दोन दिवसांत उतारा काढायचे. मग कंपनीने डोकं लावलं. काही महिने ती थोडा थोडा निरुपद्रवी दिसणारा कोड कार्डांत पाठवत राहिली. कार्ड चालू ठेवायचं तर तो घ्यावाच लागे, म्हणून फोडणारेही घेत राहिले. आणि २१ जानेवारी २००१, रविवार, सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) बरोब्बर एक आठवडा आधी, ते सगळे तुकडे एकत्र आले आणि फोडलेली कार्डं कायमची मेली. कार्डात काही जागा अशी असते की तिथे एकदाच लिहिता येतं, पुसता येत नाही. मेलेल्या कार्डांच्या त्या जागेतली पहिली आठ अक्षरं वाचली तर 'गेम ओव्हर'. त्या दिवसाला अजून 'ब्लॅक संडे' म्हणतात.

आमच्याच बाजूची म्हणून नव्हे, पण कारागिरीला दाद द्यावी लागते.

चिंगी_सदाशिव

छत्रीवालेकाका, दंडवत! हा किस्सा मला माहीतच नव्हता. म्हणजे महिनोन् महिने खिरीतून एकेक थेंब जमालगोटा.

गावठी_इंजिनिअर

आमच्याकडे ९५ साली एवढं तंत्र नव्हतं. केबलवाल्याने एका इमारतीत एक कनेक्शन दिलं की रात्रीत त्याची आठ व्हायची. जोडणी करणारा पोरगाही त्याचाच, सकाळी कात्री घेऊन फिरणाराही त्याचाच. आमच्या मजल्यावर चार घरांत एक वायर होती आणि ती कुणाच्या दारातून आली आहे यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. केबलवाला मालिकेच्या ऐन वेळेला वायर कापायचा. तोच आमचा ब्लॅक संडे.

रोखठोक_राजाभाऊ

वायर कापणं सोडा, आमच्या गल्लीतलं मंडळ खांबावर आकडा टाकून दहा दिवस रोषणाई करायचं आणि अकराव्या दिवशी 'वीज वाचवा' असा देखावा केल्याबद्दल बक्षीस घ्यायचं.

मुद्द्याकडे. छत्रीवाल्यांनी सासऱ्यांना सज्जन ठरवलं, पण पत्ता खोटा होता याला कुणीच हात लावत नाहीये.

वेम्बलीचा_वामन

राजाभाऊंसाठी खास. युरोपात याच प्रश्नाला नेमकं उलटं उत्तर मिळालं, आणि तिथेही पत्ता खोटाच होता.

पोर्ट्समथमध्ये कॅरन मर्फी नावाच्या बाईंचा पब. प्रीमियर लीगचे सामने दाखवायला इथे स्कायचं व्यावसायिक कनेक्शन घ्यावं लागे आणि त्याचा भाव पबवाल्याचं कंबरडं मोडणारा. बाईंनी ग्रीसच्या नोव्हा कंपनीचं कार्ड आणलं. सामना तोच, समालोचन ग्रीक (आवाज बंद ठेवायचा), आणि भाव कितीतरी कमी. कार्ड अस्सल, पैसे भरलेले, पण ते ग्रीसबाहेर वापरायचं नाही ही अट. खटला झाला, दंड आणि खर्च मिळून जवळपास ८,००० पौंड बसले. बाई हटल्या नाहीत. प्रकरण लक्झेम्बर्गला युरोपच्या सर्वोच्च कोर्टात गेलं.

४ ऑक्टोबर २०११ चा निकाल. कोर्ट म्हणालं, युरोपीय संघाच्या दुसऱ्या सदस्य देशात (ब्रिटन तेव्हा संघात होतं) रीतसर विकत घेतलेलं कार्ड हे 'बेकायदा साधन' नव्हेच, मग ते खोटं नाव-पत्ता देऊन मिळवलेलं असलं तरी. परदेशी कार्ड वापरायला बंदी करणारा कायदा युरोपच्या एकसंध बाजाराच्या तत्त्वाविरुद्ध जातो. २०१२ मध्ये इथल्या हायकोर्टाने बाईंची शिक्षा रद्द केली.

एक पाचर मात्र आहे. कोर्ट म्हणालं, फुटबॉलचा सामना ही कुणाची साहित्यकृती नाही, त्यावर कॉपीराइट नाही. पण सुरुवातीची चित्रफीत, लीगचं गीत, पडद्यावरची नक्षी यांवर आहे, आणि ते पबमध्ये गिऱ्हाइकांना दाखवायचं तर परवानगी लागेल. म्हणजे बाई जिंकल्या, पण पबवाल्यांना रान मोकळं झालं नाही.

मिसिसागाचा_जावई

वामनराव, तुमच्या तोंडात साखर पडो! सासऱ्यांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग आपण युरोपात का नाही गेलो?"

पुढची_तारीख

दोन्ही निकाल वाचल्यावर फरक कळतो तो असा. युरोपातला एकसंध बाजार हीच कोर्टाची कसोटी होती. ग्रीसचा माल इंग्लंडात अडवायचा नाही. कॅनडाची गरज उलटी. शेजारी दहापट मोठी अमेरिका, सिग्नल सीमा मानत नाही, आणि इथल्या कायद्याचं धोरणच असं की प्रसारणावर ताबा कॅनडाचा हवा आणि कॅनडाचे कार्यक्रम जगले पाहिजेत. आयाकोबुचींनी हे कलम त्या प्रसारण कायद्याच्या शेजारी ठेवून वाचलं. म्हणून राजाभाऊंचा खोट्या पत्त्याचा मुद्दा दोन्हीकडे दुय्यम ठरतो. पैसे भरले का, हाही प्रश्न दुय्यम. मुख्य प्रश्न, सिग्नलला सीमेवर थांबवायचं की नाही.

रोखठोक_राजाभाऊ

दुय्यम तर दुय्यम. माझ्या लेखी खोटं ते खोटं. पण वामनने बाजी मारली हे मान्य.

चिंगी_सदाशिव

राजाभाऊ मान्य म्हणाले!! स्क्रीनशॉट घेतला आहे.

ब्रॅम्प्टनची_माई

मी सहसा नुसती वाचते. आज लिहावंसं वाटलं.

'कॅनडाची संस्कृती' वगैरे ठीक आहे. पण तेव्हा इथे आपल्या लोकांना काय मिळत होतं ते कुणी लिहीत नाही. एखाददुसरी वाहिनी, त्यावर आठवड्यातून काही तास आपल्या भाषेतलं काहीतरी. माझ्या सासूबाई सत्तरीच्या, इंग्रजी येत नाही, बाहेर बर्फ, दिवसभर घरात एकट्या. त्यांच्यासाठी ती अमेरिकन छत्री म्हणजे माणसांचा आवाज होता. आमचे इटालियन शेजारी तर उघड भांडायचे. त्यांना त्यांची राई वाहिनी हवी होती आणि सरकारी आयोग इथल्या इटालियन वाहिनीला धक्का लागेल म्हणून देत नव्हता. बरीच ओरड झाली, आणि २००५ मध्ये दिली. तोवर त्यांच्याही गच्चीवर आमच्यासारखीच छत्री होती. दोन्ही छत्र्यांचं तोंड एकाच दिशेला.

लोक चोर नव्हते. दुकानात माल नव्हता.

वेम्बलीचा_वामन

माई, +१. लिहीत जा.

पुढची_तारीख

माईंनी सांगितलेला मुद्दा कोर्टातही गेला होता, बरं का. आपल्या आवडीची, आपल्या भाषेची वाहिनी बघणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे, मग ही बंदी राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेत बसते का? रेक्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळलं. त्यासाठी लागणारा पुरावाच समोर नव्हता. पुढे २००४ मध्ये क्वेबेकच्या एका न्यायाधीशांनी बंदी सनदेविरुद्ध आहे असा निकाल दिला. छत्रीवाल्यांनी पेढे वाटले असतील, पण अपिलात तो टिकला नाही.

छत्रीवाला_सॅनहोजे

मी पेढे वाटले नाहीत, मी कंपनीच्या बाजूला होतो. :)

तळेगावचा_टग्या

पुन्हा एकदा सिद्ध झालं की सामान्य माणसाला कोर्टात काही मिळत नाही. कंपन्या बलाढ्य.

छत्रीवाला_सॅनहोजे

@टग्या, इतकं सरळ नाही. अमेरिकेत मे २००१ मध्ये कार्ड फोडायची यंत्रं विकणाऱ्यांवर छापे पडले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या याद्या डायरेक्ट टीव्हीच्या हातात आल्या. मग सुरू झालं पत्रांचं सत्र. 'तुम्ही आमचा सिग्नल चोरण्याचं यंत्र घेतलंय, ३,५०० डॉलर भरा आणि मिटवा, नाहीतर कोर्टात भेटू.' ज्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही, कोर्टात हजर झाले नाहीत, त्यांच्यावर एकतर्फी हुकूमनामे निघाले. हजारो दावे झाले. गंमत अशी, की त्यातली काही यंत्रं साधी स्मार्ट कार्ड वाचणारी होती. दाराच्या सुरक्षेसाठी, संगणकाच्या प्रयोगांसाठी घेतलेली. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याच्या घरी डिशच नव्हती आणि पत्र आलं. घाबरून त्याने आईकडून पैसे मागवून भरले.

काही जण मात्र लढले. जून २००४ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ठरवलं, की यंत्र नुसतं जवळ आहे एवढ्यावर कंपनीला दिवाणी दावा लावता येत नाही. सिग्नल खरोखर पकडला हे दाखवावं लागेल. त्याच महिन्यात नागरी हक्कवाल्या संस्थांशी बोलून कंपनीने सर्वसाधारण कामाच्या यंत्रांवरून दावे लावायचं थांबवलं. म्हणजे सामान्य माणसाला काहीतरी मिळालं. त्या विद्यार्थ्याचे पैसे नाही मिळाले.

असामान्य माणसाचंही सांगतो. खुनाच्या खटल्यातून सुटलेल्या ओ. जे. सिम्पसनच्या घरी झडतीत असलीच उपकरणं सापडली होती. २००५ मध्ये कोर्टाने त्याला कंपनीला २५,००० डॉलर द्यायला लावले, वर वकिलांचा खर्च वेगळा.

बटाटा_भजी

कशात सुटला आणि कशात अडकला!

गावठी_इंजिनिअर

अवांतर आहे, पण या धाग्यावर कॅप्टन मिडनाइट आला नाही तर धागा अपुरा. अमेरिकेत आधी मोठ्या छत्र्यांवर सगळं फुकट दिसायचं, कारण सिग्नल उघडाच असे. जानेवारी १९८६ पासून एचबीओने तो पूर्णवेळ सांकेतिक केला आणि महिना १२.९५ डॉलर मागितले. छत्र्या विकणाऱ्यांचा धंदा बसला. फ्लोरिडातला जॉन मॅकडूगल असाच एक विक्रेता. धंदा मार खाऊ लागल्यावर तो एका प्रक्षेपण केंद्रात रात्रपाळी करू लागला. २७ एप्रिल १९८६ च्या रात्री त्याने केंद्रातली भली मोठी छत्री एचबीओच्या उपग्रहाकडे वळवली आणि चित्रपटाच्या मधोमध देशाच्या पूर्व भागातल्या पडद्यांवर आपला निरोप झळकवला: महिना १२.९५? जमणार नाही! चारेक मिनिटं. सापडला, गुन्हा कबूल केला, ५,००० डॉलर दंड आणि वर्षभर चांगल्या वागणुकीची हमी.

निरोपात नाव 'कॅप्टन मिडनाइट'. आमचा वायर कापणारा पोरगा आठवला.

चिंगी_सदाशिव

हा तर प्रतिसाद नसून नाट्यप्रयोग झाला.

दुबईकर_नाना

आखातातलं सांगतो. इथे येताना निम्म्या लोकांच्या बॅगेत लोणचं, मेतकूट आणि भारतातली डीटीएचची पेटी. भारताचा सिग्नल इथे कडेकडेने, अशक्त पोचतो, म्हणून छत्री भारतातल्यासारखी ताटाएवढी चालत नाही, परातीहून मोठी लागते. मिस्त्री गच्चीवर जाऊन होकायंत्र लावून कोन धरायचा आणि खालून आम्ही ओरडायचो, "आलं... गेलं... आलं!" रिचार्ज माझा भाऊ सांगलीहून करायचा. सासऱ्यांचा मावसभाऊ तसा आमचा सांगलीचा भाऊ.

हे इथेही चालत नाही. प्रसारणाचे हक्क इथल्या कंपन्यांनी वेगळे विकत घेतलेले असतात. आमच्या इमारतीत एक दिवस व्यवस्थापनाची नोटीस लागली, आठवड्यात गच्ची मोकळी करा. केली. मिस्त्रीच छत्र्या उतरवायला आला आणि उतरवायचेही पैसे घेऊन गेला.

तळेगावचा_टग्या

दोन्ही बाजूंनी कमाई. खरा हुशार मिस्त्रीच.

मुलुंडची_मीनल

भारतात कायदा काय आहे? आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एका सभासदाच्या घरचंच कार्ड लावून सामने दाखवतात, म्हणून विचारते. (सोसायटीचं नाव सांगणार नाही, सचिव इथे वाचतात.)

पुढची_तारीख

माझा प्रांत नाही, पण ढोबळ सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमात प्रसारण करणाऱ्याला स्वतःचा वेगळा हक्क दिलाय, २५ वर्षांचा. पैसे घेऊन लोकांना दाखवणं त्यात येतं. २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ कलम आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरच्या कनेक्शनच्या करारात बहुधा 'फक्त घरगुती वापर' असंही असतं. क्लबहाउसमध्ये तिकीट लावत असाल तर थांबवा.

मुलुंडची_मीनल

तिकीट नाही. पण वडापाव बाजारभावाहून पाच रुपयांनी महाग आहे.

बटाटा_भजी

सचिवांनी नोंद घ्यावी.

वेम्बलीचा_वामन

भारतातल्या हुकुमांमधली माझी आवडती गोष्ट: सामना किंवा चित्रपट येणार असला की कंपन्या आधीच कोर्टात जातात, आणि चोरी कोण करणार हे माहीत नसल्यामुळे प्रतिवादी म्हणून नाव घालतात 'अशोक कुमार'. तिकडे जॉन डो, आपल्याकडे अशोक कुमार.

अशोक_कु_कोथरूड

नमस्कार. माझं नाव खरोखरच हे आहे. मी काहीही केलेलं नाही.

चिंगी_सदाशिव

मेले हसून. काका, वकील करा.

धागाराखण

सदस्यांना विनंती: धागा वडापावकडे गेला आहे, परत आणावा. फुकट वाहिन्या दाखवणाऱ्या पेट्यांचे दुवे देणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा दिल्यास खातं गोठवलं जाईल.

छत्रीवाला_सॅनहोजे

धागाराखणांनी बरं केलं. आजचा सगळा बाजार त्या पेट्यांचाच आहे. कार्ड फोडायची गरज उरली नाही. एक माणूस रीतसर कनेक्शन घेतो, ती दर काही सेकंदांची किल्ली इंटरनेटवरून हजार घरांना वाटतो. किंवा चित्रच उलगडून पुढे ढकलतो. म्हणून कोर्टाचे हुकूमही बदलले. आता ते छत्रीवर येत नाहीत, इंटरनेट कंपनीवर येतात: अमुक पत्ते अडवा, सामना चालू असतानाच अडवा. सासऱ्यांच्या पावत्या बघून मला तर गहिवरून आलं. खोटा पत्ता देऊन खरे पैसे भरणारी पिढी.

रोखठोक_राजाभाऊ

जावईबापू, मूळ प्रश्नाचं काय झालं? सासरे झोपतात का?

मिसिसागाचा_जावई

काल रात्री अख्खा धागा वाचून दाखवला. माईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. ताईंचं 'चोरी हा शब्द कलमात नाही' हे वाक्य कागदावर उतरवून घेतलं आणि पावत्यांच्या गठ्ठ्यावर रबरात अडकवलं. मग नातीला फोन केला. म्हणाले, "मी कायदा मोडला, कबूल. पण आता चोर म्हणायचं नाही." ती म्हणाली, "मी म्हटलंच नव्हतं, आजोबा." तपासलं तर खरंच. 'बेकायदा' एवढंच म्हणाली होती ती. चोर हा शब्द त्यांचा त्यांनीच घेतला होता.

मी विचारलं, मनाई हुकूम निघाले हे तेव्हा ऐकलं होतं का? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "छत्री लावून देणाऱ्याचं दुकान २००२ मध्ये एकदम बंद झालं होतं. मी कारण विचारलं नाही. पुढच्या वर्षी विश्वचषक होता."

पुढची_तारीख

हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. आमच्या फायलींमध्ये असलं काही सापडत नाही.

रोखठोक_राजाभाऊ

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आणि तो अंतिम सामना बघून शिक्षा भोगून झाली म्हणावं. १२५ धावांनी हरलो होतो.

ब्रॅम्प्टनची_माई

छत्री अजून आहे का?

मिसिसागाचा_जावई

आहे, माई. कार्ड आणि पेटी ई-कचऱ्यात दिली. छत्री मागच्या अंगणात उलटी पडलेली होती. सासूबाईंनी धुऊन, वर सुती कापड घालून त्यावर सांडगे वाळत टाकलेत.

ब्रॅम्प्टनची_माई

कोहळ्याचे का? इथे कोहळा कुठे मिळाला?

धागाराखण

सांडग्यांसाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा.